पाच नंबरच्या पश्चिमेला

२३ नोव्हेंबर २०१५, लातूर

काम मिळालं. नोकरी गेल्यापासून डायरी बंदच होती. रोज रोज काय लिहायचं, आजही कुणाचा फोन नाही?

तेलाचा भाव कोसळला आणि बडोद्याच्या कंपनीनं आमचा आख्खा विभाग घरी बसवला. माझा नवरा राघव विहिरी खणायच्या रिगवर मड इंजिनिअर होता. दोन महिन्यांत त्याचीही रिग उभी करून ठेवली. मग बिऱ्हाड गुंडाळून आम्ही लातूरला सासूबाईंच्या घरी आलो. मी सकाळी आप्पासाहेबांच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. एका हॉलमध्ये दोनशे मुलं आणि हातात माइक. राघव पाण्याच्या टँकरची वाट बघतो आणि पेपर उलटसुलट वाचतो. त्याला असं बसलेलं बघवत नाही.

आज यज्ञेशचा फोन आला. हा नांदेडचा, इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होता, आता बडोद्यात एका छोट्या कंपनीत वर चढलाय. खंबायतच्या बाजूला त्यांचं जुनं गॅसचं फील्ड आहे. सहा विहिरी आहेत, सातवी मारायची आहे. ती कुठे मारायची आणि तिथे दाब किती असेल, हे सांगणारं मॉडेल मी करायचं, तेही घरी बसून. मॉडेल चांगलं झालं तर कायमची नोकरी.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, काम समजावून सांगितलं. दोन किलोमीटर खाली खडकात गॅस आहे, तो कुणी बघितलेला नाही. आम्ही कॉम्प्युटरमध्ये त्या खडकाच्या विटा रचतो. पंधरा वर्षांत कुठल्या विहिरीतून किती गॅस काढला ते आत घालतो, आणि दाब किती उतरायला हवा होता ते मॉडेलला विचारतो. मॉडेलची रेघ खऱ्या मोजमापावर बसली की मॅच झालं. मग त्याच मॉडेलला पुढचं विचारायचं.

आई म्हणाल्या, "म्हणजे झालेलं बरोबर सांगितलं की होणारंबी बरोबर सांगतो, असं धरायचं. गावातले जोशीबुवा हेच करायचे की."

राघव किती दिवसांनी मोठ्यानं हसला. मला जरा राग आला, पण त्याच्या हसण्यात तो विरून गेला.

९ डिसेंबर

सहापैकी पाच विहिरी बसल्या. पाच नंबर बसत नाही. ती फील्डच्या पश्चिम टोकाला आहे. माझं मॉडेल म्हणतं तिच्यातला दाब सावकाश उतरेल, आणि प्रत्यक्षात तो धाडधाड उतरलाय. जणू पश्चिमेकडून तिला कुणी गॅस येऊच देत नाही.

आधीच्या जिऑलॉजिस्टनं नकाशावर पाचच्या पश्चिमेला एक तुटक रेघ काढून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. खडकात तिथे गॅस अडवणारी भेग असावी, असा त्याचा संशय. जमिनीखालच्या सर्व्हेत तिथे थोडं पुसट दिसतं खरं, पण पुसट तर अर्ध्या नकाशात आहे. भेग घालायची तर सगळ्या विटा नव्यानं रचाव्या लागतील, महिना जाईल. सुरुवातीलाच मी ती रेघ काढून टाकली. ज्याला स्वतःलाच खात्री नाही त्याच्यासाठी मी का खपू?

११ डिसेंबर

क्लासमध्ये आज मुलांना माझी जुनी युक्ती दिली. गणित सुटत नसेल तर चार पर्याय उलटे घालून बघा, जो बसेल तो बरोबर. मी स्वतः याच शहरात बारावीला अशीच पोरींमध्ये पहिली आले होते. रेणापूरची आरती नावाची एक मुलगी उठली. "मॅडम, दोन पर्याय बसले तर?" मी म्हटलं, परीक्षेत असं होत नाही. हॉल हसला. ती बिचारी लाल होऊन खाली बसली.

२७ डिसेंबर, नांदेड

यज्ञेश आईवडिलांकडे आलाय, म्हणून पहाटेची एसटी धरून त्याला भेटायला आले. स्टेशनजवळच्या हॉटेलात बसलो. पोट सुटलंय त्याचं, पण बोलणं तेच.

"मने, पाच नंबरपायी तू महिना घालवून राहिलीस. बोर्डाची मीटिंग जानेवारीत हाय."

"बसतच नाही रे ती. जबरदस्तीनं बसवू का?"

"जबरदस्ती कशाला? तिच्या आजूबाजूचा खडक जरा घट्ट कर की. गॅस कमी सरकेल, दाब उतरेल. सगळेच करतात."

"घट्ट कर म्हणजे, पुरावा काय त्याला?"

"आणि सैल असल्याचा काय हाय?" तो हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, विहीर मंजूर झाली तर रिग लागणार. रिग लागली तर मड इंजिनिअर लागणार. राघवेंद्रचं नाव मी आत्ताच सांगून ठेवलंय."

परतीच्या गाडीत डोकं खिडकीला टेकून बसले होते. तो काही चुकीचं बोलला नाही. खडक घट्ट की सैल, कुणी जाऊन हात लावलाय? आणि राघवला काम हवंय.

१४ जानेवारी २०१६

मॅच! पाचच्या भोवतीचा खडक घट्ट केला, थोडं इकडेतिकडे केलं, आणि आज सकाळी सहाही रेघा मोजमापांवर अशा बसल्या की बघत राहावं. राघवला ओढत आणून दाखवलं. त्यानं स्क्रीनकडे बघून खऱ्या कौतुकानं शीळ घातली.

सातवी विहीर पाचच्या पश्चिमेला धरली. तिथला गॅस शेजारच्या विहिरींनी बराचसा ओढून घेतलेला असणार. मॉडेलनुसार दाब मुळातल्या निम्म्यावर आलेला आहे. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. या दाबावरच मडचं वजन ठरतं. विहीर खणताना भोकात जो चिखल सोडतात तो मड, त्याच्या भारानं खालचा गॅस दाबून धरायचा. मड हलका पडला तर गॅस उसळून वर येतो. फार जड झाला तर खडकात घुसून त्याची तोंडंच बुजवतो, आणि विहीर जन्मालाच मेलेली येते. म्हणून आकडा नेमका लागतो, आणि तो माझा आहे.

आई तीळ भाजत होत्या. माझ्या हातावर चमचाभर ठेवून म्हणाल्या, "झालं का जोशीबुवांचं?" मीही हसले.

१९ फेब्रुवारी

विहीर मंजूर. राघवला बोलावणं आलं, त्याच रिगवर! सकाळपासून घरभर शिट्ट्या मारत फिरतोय. जुने बूट काढून पॉलिश केले. "बायकोच्या आकड्यावर मड बनवणारा मी पहिलाच असेन," असं शेजाऱ्यांनाही सांगून आला. त्यांना त्यात काय कळणार! पण ऐकून छान वाटलं.

आईंनी पुरण घातलं, पण स्वतः नीट जेवल्या नाहीत. आग असते का रे तिथे, एवढंच त्याला दोनदा विचारलं.

६ मार्च

किल्लारीला जाऊन आले. आई तिथल्या शाळेत मास्तरीण होत्या. भुजंग म्हणून त्यांचा जुना विद्यार्थी आहे, त्याच्या मुलीचं लग्न होतं. औशापर्यंत बस, पुढे जीप. मांडव नव्या गावात होता, भूकंपानंतर वसवलेल्या. भुजंग धावत आला, आईंच्या पाया पडला. "बाई, लई दिवसानं आलात. राघूदादा न्हाई आला?"

"रिगवर गेलाय. सुनेनं काम लावून दिलंय." आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात कौतुक होतं की दुसरं काही, कळलं नाही.

जेवणं झाल्यावर आईंना जुन्या गावाकडे जायचं होतं. नुसती बाभळी आणि दगडांचे ढीग. राघव तेव्हा लातूरला अकरावीला होता, त्याला ताप आला म्हणून आई त्याच्या खोलीवर आल्या होत्या. सासरे गणपती बोळवून घरी झोपले होते. तेवढ्यानं दोघं वाचले आणि एक गेला. आई अजून स्लॅबखाली झोपत नाहीत. व्हरांड्यात पत्र्याखाली त्यांची खाट असते.

दगडावर बसून त्या म्हणाल्या, "आधी वर्षभर गुडगुडत होतं गं. भांडी वाजायची. आम्ही काय अडाणी होतो? सगळे मास्तर लोक. एकदा म्हणलो खाणीत सुरुंग लावला, एकदा म्हणलो जमीन तापून पाणी पिऊ लागलीय. दरवेळी आम्हाला कारण सापडायचं. वर्गातबी मीच पोरांना समजावून सांगायची, भिऊ नका म्हणून."

मी हूं हूं केलं. ही गोष्ट मी दहादा ऐकली आहे. ऊन भारी होतं आणि शेवटची जीप गाठायची होती. वाटेत मनात येत होतं की मला कायमची ऑर्डर कधी देणार हे यज्ञेशला एकदा स्पष्ट विचारायला हवं.

२८ मार्च

राघवचा फोन. विहीर अर्ध्याच्या पुढे गेली. जेवण बरं आहे म्हणतो, फक्त डाळीत गूळ घालतात. त्याचा आवाज दोन वर्षांपूर्वीसारखा वाटला.

इथे नळाला पाणी नाही. टँकर आला की मी लेक्चर सोडून धावते. पाणी रेल्वेनं आणणार अशी बातमी आहे. पुष्कळ मुलं हॉस्टेल सोडून गावी गेली.

२ एप्रिल

दुपारी राघवचा फोन आला, तेव्हा मी आणि आई गवार मोडत बसलो होतो.

म्हणाला, वर येणाऱ्या मडमध्ये गॅस दिसायला लागलाय. वाढतोय. "मने, वजन चढवू का जरा?"

मी विचारलं, किती दिसतोय. त्यानं सांगितलं. मी म्हटलं, एवढा वरच्या पातळ थरांतूनही येतो. "खाली दाब निम्माच आहे, राघव. आता मड जड केलास तर सगळा खडकात जाईल. विहीर बुजली तर तुझ्यामाझ्यासकट यज्ञेशही घरी."

"तुला खात्री आहे ना? मला बरं वाटत नाहीये."

"सहाच्या सहा विहिरी बसल्यात माझ्या. तूच बघितलंस की."

मग म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर ठेवतो हलका."

फोन ठेवल्यावर आई गवारीवरून नजर न काढता म्हणाल्या, "त्याला भ्या वाटून राहिलंय तर त्याचं ऐकावं की गं."

"आई, भीतीवर विहिरी खणत नाहीत."

फार तोडून बोलले. संध्याकाळी त्यांना चहा करून दिला.

३ एप्रिल

राघव फोन उचलत नाही. यज्ञेशही नाही.

६ एप्रिल, बडोदा

खाली गॅस होता, आणि तो पूर्ण दाबानं होता. मड त्याला धरू शकला नाही. वरची झडप मिटेपर्यंत गॅस मडच्या टाक्यांवर पसरला आणि पेटला. राघव टाक्यांपाशीच होता. त्याच्याबरोबर काम करणारा एक माणूस जागीच गेला. बिहारचा होता म्हणे, लग्न ठरलेलं होतं. त्याचं नावसुद्धा मला अजून नीट ठाऊक नाही.

राघवचे दोन्ही हात भाजलेत, डोळ्यांवर पट्ट्या आहेत. उजवा डोळा गेला. डाव्याचं डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

लातूरपासून इथपर्यंत आई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुण्याला गाडी बदलताना माझी पिशवी मात्र त्यांनीच उचलली.

९ एप्रिल

चौकशीचे साहेब आले होते. वयस्कर, सभ्य माणूस. राघवच्या खाटेशी खुर्ची ओढून त्यांनी हिंदीत विचारलं, गॅस दिसत असताना मडचं वजन का वाढवलं नाही?

राघव म्हणाला, "रिगवर तो निर्णय माझा असतो. मला गरज वाटली नाही."

"कुणाशी बोलला होता?"

"नाही."

आई पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. साहेबांनी लिहून घेतलं, राघवच्या अंगठ्यालाही पट्टी होती, म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. त्यांतली एक मी केली.

मी का बोलले नाही? इथे तरी खरं लिहावं. मला वाटलं, नंतर बोलू. मला वाटलं, खाली काय आहे हे कुणाला कळणार होतं, मग माझी तरी काय चूक? आणि मला भीती वाटली. तिन्ही खरी आहेत. शेवटचं जास्त.

११ एप्रिल

यज्ञेश आला. दारातूनच राघवला बघितलं आणि कॉरिडॉरमध्ये येऊन रडला. डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, सातव्या विहिरीचा खरा दाब मोजलाय. तो मॉडेलमध्ये घालून पुन्हा मॅच करून दे, कमिटीपुढे ठेवायचंय. असं काही आधी दिसणं शक्यच नव्हतं, एवढंच त्यातून दिसलं पाहिजे.

"शक्यच नव्हतं ना, यज्ञेश?"

"कसं असणार? दोन किलोमीटर खाली गं!"

त्याच्या बोलण्यानं मला इतका आधार वाटला की काय सांगू.

१६ एप्रिल

लॉजवर लॅपटॉप घेऊन बसले. जुन्या जिऑलॉजिस्टची तुटक रेघ परत आणली, पाचच्या पश्चिमेला आरपार भिंत घातली. मला वाटलं होतं महिना लागेल. चार दिवसांत विटा रचून झाल्या. पाचच्या भोवतीचा जो खडक मी घट्ट केला होता तो होता तसा सैल केला. बाकी कशालाही हात लावला नाही.

आज सकाळी मॉडेलचा रन टाकला आणि दवाखान्यात जाऊन आले. परत येऊन बघते तो सातही विहिरी बसलेल्या. पाच नंबर तर आपणहून, काही खोटं न करता. भिंतीच्या अलीकडे दाब निम्म्याखाली, पलीकडे पंधरा वर्षं न हललेला.

मग सातवी विहीर काढून टाकली आणि फक्त जानेवारीत माझ्याकडे जे होतं तेवढ्यावर रन टाकला. तरीही बसलं. पहिल्याच रनमध्ये.

बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिले. त्या आरतीनं विचारलं होतं त्याचं हे उत्तर. दोन पर्याय बसत होते, आणि मी एकच घालून बघितला.

१८ एप्रिल

डाव्या डोळ्यानं उजेड कळेल, त्यापलीकडे काही नाही, असं डॉक्टरांनी आज सांगितलं. राघवनं ते शांतपणे ऐकलं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाला, "बस इथं."

आई रस आणायला खाली गेल्या होत्या.

"यज्ञेश म्हणत होता तू पुन्हा मॉडेल करतेयस."

"हो."

"भिंत होती का तिथे?"

"होती."

"मला वाटलंच. पण मने, ते तुला कळणं शक्य नव्हतं. हे मी रोज स्वतःला सांगतो, म्हणून तुलाही सांगून ठेवतो. त्या बिहारच्या पोराचं, माझं, कुणाचंच ओझं तुझ्यावर नाही. साहेबांना सांगितलं ते विचार करूनच." त्यानं पट्टीतला हात चाचपडत माझ्याकडे सरकवला. "नाहीतरी भिंत घालून बघायची तर किती रन लागले असते? शंभर? दोनशे?"

शंभर म्हणता आलं असतं. दोनशेही. त्याला ते पुरलं असतं, मलाही पुरलं असतं.

"एक," मी म्हणाले. "पहिल्याच रनला बसलं. जानेवारीतही बसलं असतं."

त्यानं हात मागे घेतला नाही, पण तो हलवलाही नाही. पट्ट्यांमुळे चेहऱ्यावरचं काही कळत नव्हतं. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नर्स उठवून बसवत होती.

मग म्हणाला, "आईला हे सांगू नकोस. तिला वाटू दे की कळण्यासारखं नव्हतं. बाबांच्या वेळचं अजून तिच्या डोक्यातून गेलेलं नाही."

मी मान वर केली. आई दारात उभ्या होत्या, हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास. कधीपासून, कुणास ठाऊक. तोंडाला पदर लावला होता. मी उठायला लागले तशी त्यांनी बोटानं मला खाली बसवलं, आणि त्याच्याकडे दाखवून मानेनं खूण केली. हो म्हण.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

आई पावलं न वाजवता पाच-सहा खाटा मागे गेल्या आणि मग चपला घासत, मोठ्यानं, "राघू, रस आणलाय रे," म्हणत आत आल्या.